नेतृत्व विकणाऱ्यांनो, आधी भिवंडीचा हिशेब द्या!



बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडून बाबासाहेब १९१७ च्या अखेरीस मुंबईत परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावे लागलेला हा तरुण. घर चालवायचे होते. त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक फर्म काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेब बिझनेस कन्सल्टंट झाले. सुरुवात बरी झाली. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि फर्म बंद पडली.

हा प्रसंग आपण छळाची आणखी एक कहाणी म्हणून वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण जरा थांबून विचार करा. त्या काळी मुंबईत या माणसाइतका पैशाचा आणि व्यापाराचा अभ्यास असलेले किती जण होते? ज्ञान होते, भाषा होती, कष्टाची तयारी होती, जिद्द तर अशी की पुढे जगाने बघितली. मग फर्म का बुडाली? बाबासाहेबांचा ‘ॲटिट्यूड’ कमी पडला का? ‘नेटवर्किंग’ जमले नाही का? सकाळी पाचला उठून आरशासमोर उभे राहून ‘मी करू शकतो’ म्हणायचे राहून गेले का?

हसू येते ना? पण आज हॉलमध्ये खुर्च्या मांडून आपल्या पोरांना नेमके हेच शिकवले जात आहे. फी घेऊन शिकवले जात आहे. ‘लीडरशिप’, ‘माइंडसेट’, ‘ओनरशिप’, ‘विनर्स आणि लूझर्स’. गेल्या काही वर्षांत ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात या शिबिरांचे पीक आले आहे. गोडाऊनचा मालक सुपरवायझरांना पाठवतो, कॉलेज शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसवते आणि आता तर आपल्याच जयंती मंडळांच्या कार्यक्रमात प्रबोधनाच्या व्याख्यानाऐवजी मोटिव्हेशनल स्पीकर बोलावण्याची फॅशन आली आहे. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सरळ आहे. हे सल्लागार नेतृत्व हा एखाद्या माणसाच्या अंगचा गुण म्हणून विकतात. नेतृत्व ही प्रत्यक्षात एक रचना असते. निर्णय कोण घेतो, चुकले तर जबाबदारी कुणावर येते आणि वरच्या माणसाला हिशेब कोण विचारू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजे नेतृत्व. हे तीन प्रश्न झाकून जो नेतृत्व शिकवतो, तो सल्लागार नव्हे, मालकाचा भाट आहे.

उंटावरून शेळ्या

आधी भिवंडी बघू. नाशिक महामार्गाला मानकोलीपासून आत वळलात की काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडा, वळ असा गोडाऊनचा पट्टा सुरू होतो. मुंबईच्या माणसाने मोबाईलवर बोट टेकवले की त्याच्या दारात जे खोके येते, त्यातले कितीतरी खोके इथल्या फळीवरून उचललेले असते. उचलणारी मुलगी किंवा मुलगा पिकर. बांधणारा पॅकर. गाडीत चढवणारा लोडर. हातात स्कॅनर असतो आणि तासाला किती माल उचलला याचा आकडा तो स्कॅनरच सांगतो. पाणी प्यायला गेलात तरी आकडा खाली येतो. या माणसांपैकी बहुतेकांच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. ठेका बदलला की माणूस तोच, काम तेच, फळी तीच; पण नोकरी नवी. म्हणजे सेवेची वर्षे शून्यापासून मोजायला सुरुवात.

आता शहराच्या आत चला. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार कापडाच्या मीटरवर पैसे घेतो. सूत तुटले, वीज गेली, बीम वेळेवर आला नाही, तर नुकसान त्याचे. कारखान्यांच्या कायद्यात अडकू नये म्हणून एकाच शेडमधले माग वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे ही या धंद्यातली जुनी चाल. कागदावर मालक चार, प्रत्यक्षात शेठ एक.

आणि या दोन्ही जगांच्या वर ज्या छपराखाली हे लोक झोपतात ते छप्पर. २१ सप्टेंबर २०२० ला धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसहून अधिक माणसे गेली. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात खाली गोदाम आणि वर राहती कुटुंबे असलेली इमारत कोसळली. पुन्हा कामगार आणि रहिवासी ढिगाऱ्याखाली.

आता नेतृत्वाचे धडे देणाऱ्या साहेबांना विचारा, या इमारतींमध्ये कुणाचा ‘माइंडसेट’ चुकला? स्कॅनरचा आकडा ज्याने ठरवला तो कुठे बसतो? त्याने कधी एक पाळी फळीवर काढली आहे का? ही माणसे शहराला येतात, वातानुकूलित हॉलमध्ये चार तास बोलतात आणि जातात. उंटावरून शेळ्या हाकणे यालाच म्हणतात. कामगाराला सांगायचे, ‘तू स्वतःला कंपनीचा मालक समज.’ अरे, तो मालक समजतो, पण नफा वाटताना तुम्ही त्याला कोण समजता? पीएफची पावती मागितली की त्याला गेटबाहेर कोण काढते?

हे ज्ञान आले कुठून?

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने एवढे विचारलेच पाहिजे की ही विद्या जन्माला कुठे आली. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने १९११ मध्ये वैज्ञानिक व्यवस्थापनाचा ग्रंथ लिहिला. पोलादाच्या कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या एका मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन कसे वाहून घेतले, ही त्यातली प्रसिद्ध गोष्ट. काम जवळपास चौपट झाले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट, म्हणजे दुप्पटही नाही. आणि हे काम करणाऱ्याची बुद्धी बैलाच्या जवळ जाणारी असावी, अशा अर्थाचे टेलर उघड लिहून गेला. विचार करणारे वर, वाहणारे खाली. डोके एकाचे, हात दुसऱ्याचे.

आंबेडकरी वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटायला हवी. अमेरिकेत हे कारखान्याच्या भिंतीच्या आत घडले. आपल्याकडे ते जन्माच्या दाखल्यावर आधीच लिहिलेले होते. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, तर काम करणाऱ्यांचीच चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. म्हणून भारतात जेव्हा टेलरचे शास्त्र येते, तेव्हा ते मोकळ्या जमिनीवर येत नाही. मनूने आधीच आखून ठेवलेल्या रेघांवर ते पक्की भिंत बांधते.

याचा पुरावा कापडाच्या धंद्यातच आहे आणि भिवंडीकरांनी तो पाठ करून ठेवावा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार होते, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे ओठ ज्या धोट्याला लागले त्याला सवर्ण कामगार तोंड लावणार कसा? कार्यक्षमता, गुणवत्ता, स्पर्धा हे सगळे त्या एका धोट्यापाशी येऊन थांबत होते. नफ्यासाठी वाटेल ते करणारा मालक इथे मात्र गप्प होता, कारण वाटलेला कामगार त्याच्या सोयीचा होता. आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा प्रश्न काढला तेव्हा कामगारांचे लाल पुढारीही आनंदाने पुढे आले नव्हते. म्हणूनच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाला विसरून दुसऱ्याशी लढता येत नाही.

मेरिटचा बुरखा

‘ते जुने झाले हो, आता कंपनीत जात कोण विचारतो?’ हे वाक्य प्रत्येक शिबिरात ऐकू येते. तर मग आकडे बघा. २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. पदवी तीच, गुण तेच. फरक फक्त आडनावाचा.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे साहेब एकमुखाने म्हणाले, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि त्याच दमात म्हणाले, मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारतो. वडील काय करतात? कुठे वाढलास? ज्याचे वडील यंत्रमागावर किंवा नाल्यावर काम करतात, त्याने या प्रश्नाचे उत्तर दिले की मुलाखत तिथेच संपते. जात विचारायची गरजच उरत नाही.

या सगळ्यावर नेतृत्वाचे गुरू काय उपाय देतात? चाणक्य! गीतेतून मॅनेजमेंट, चाणक्यनीतीतून मॅनेजमेंट, दुकाने भरून पुस्तके आहेत. ज्या अर्थशास्त्रात एकाच गुन्ह्याची शिक्षा वर्ण बघून कमी-जास्त होते, ते आज एचआरचे पाठ्यपुस्तक व्हावे? फळाची अपेक्षा न धरता कर्म कर, हा उपदेश महिनाअखेरीस पगार मागणाऱ्या हमालाला करायचा आणि फळ शेठच्या खात्यात जमा करायचे, याला व्यवस्थापन म्हणायचे? छत्रपती शिवरायांनाही हे लोक सोडत नाहीत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असे सैन्याला बजावणारा राजा यांच्या स्लाइडवर येईपर्यंत नुसता ‘टार्गेट अचीव्हर’ होतो. रयत स्लाइडवरून गायब.

भिवंडीने दिलेला खरा धडा

मग नेतृत्वाचा अभ्यास करायचाच नाही का? करायचा, आणि भिवंडीतच करायचा. त्यासाठी हार्वर्डची केस स्टडी नको.

१९७० च्या मे महिन्यात भिवंडी जळाली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा जळाली. दोन्ही वेळा मेले ते गरीब, आणि जळाले ते माग व झोपड्या. ‘दंगलीचे गाव’ हा शिक्का बसला. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस कर्मचारी आणि नियमित बैठक. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, अफवा, जे असेल ते तिथे मांडायचे आणि तिथेच निस्तरायचे. स्टेजवर गळ्यात गळे घालणारे पुढारी नव्हते. रोज एकमेकांसमोर येणारे शेजारी होते.

डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. दोनदा जळालेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झालेली होती! ही गोष्ट अधोरेखित करा. अधिकारी गेला, तरी रचना उभी राहिली. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाने पुस्तकच लिहिले.

नेतृत्वाची याहून कडक परीक्षा कोणती? नेता निघून गेल्यावरही काम चालू राहिले तर नेतृत्व होते असे म्हणायचे. नेता गेला आणि सगळे कोसळले, तर तिथे नुसते भक्त होते.

हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी करून दाखवले. महापरिनिर्वाणाआधी आनंदाने पुढचे विचारले, तेव्हा बुद्धांनी वारस नेमला नाही. धम्म हाच मार्गदर्शक. भिक्खू संघात ठराव मांडायची रीत होती, गणपूर्तीचा नियम होता, मतभेद झाला तर शलाका वाटून मत मोजले जाई. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी या संघाच्या कार्यपद्धतीची आठवण देशाला करून दिली आणि त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला. १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावर बोलताना थोर माणूस कुणाला म्हणावे याची कसोटीही त्यांनी सांगितली होती. नुसती कर्तबगारी पुरत नाही, त्यामागे समाजहिताची प्रेरणा लागते आणि समाजातली घाण साफ करायची तयारी लागते. आमचे नेतृत्वशास्त्र हे आहे.

खरे जाणकार काय सांगून गेले?

कुणी म्हणेल, तुम्ही सगळ्या व्यवस्थापनशास्त्रालाच शत्रू ठरवता. नाही. या शास्त्रात प्रामाणिक माणसे होऊन गेली, पण शिबिरवाले त्यांचे नाव फारसे घेत नाहीत, कारण त्यांचे म्हणणे मालकाला परवडत नाही.

मेरी पार्कर फॉलेट ही बॉस्टनमधली समाजकार्यकर्ती. वस्त्यांमध्ये काम करता करता ती व्यवस्थापनाकडे वळली. एखाद्यावर सत्ता गाजवणे आणि सर्वांनी मिळून सत्ता वापरणे यांत तिने फरक केला. एडवर्ड्स डेमिंग हा संख्याशास्त्रज्ञ १९५० पासून जपानच्या उद्योगांना शिकवत होता. त्याने व्यवस्थापनासाठी चौदा सूत्रे दिली. त्यात कामाच्या जागेवरची भीती घालवा, कामगारांसाठी लावलेल्या घोषणा काढून टाका, आकड्यांचे कोटे बंद करा, हे स्पष्ट आहे. त्याचे म्हणणे असे की बहुतेक बिघाड व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलणे हे वरच्यांचे काम आहे. आता हा डेमिंग भिवंडीच्या गोडाऊनमध्ये नेऊन उभा करा. स्कॅनरचा कोटा बंद, भिंतीवरची ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ची पाटी बंद, ठेकेदाराची धमकी बंद. किती शेठ त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावतील?

आणि आपल्या मातीतले व्यवस्थापनाचे प्रयोग? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिलहँड्स असोसिएशन उभी केली, झगडले आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ शिकवणाऱ्यांपैकी किती जण लोखंड्यांचे नाव घेतात? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांनी पुढे नेला. आज त्याच देशात मोठमोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणून सल्ले देतात आणि शिबिरवाले टाळ्या पिटतात.

तिसरा प्रयोग १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून तो आला. हमाल एका मालकाचा नसतो, आज या दुकानात, उद्या त्या गोदामात. मग त्याचा पीएफ कोण भरणार? कायद्याने मार्ग काढला. मालक आणि हमाल दोघांची मंडळाकडे नोंद. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी वाटायची आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टी सांभाळायची. मधला ठेकेदार गेला. धंद्याला लागणारी लवचिकता राहिली आणि माणसाचे म्हातारपणही सांभाळले गेले. ‘गिग वर्क’वर जगभर चर्चासत्रे चालली आहेत आणि उत्तराची एक वाट पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या हमालांनी लढून मिळवली आहे. या कायद्याच्या नावाने काही ठिकाणी खंडणीखोर टोळ्या उभ्या राहिल्या हे खरे. त्यांना तुरुंगात टाका. पण चोराचे निमित्त करून खऱ्या हमालाचे मंडळ मोडू नका.

मग आपल्या पोरांनी काय करायचे?

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. आपली मुले एमबीए करत आहेत, एचआरमध्ये जात आहेत, काही जण स्वतः सल्लागार होत आहेत. दलित उद्योजकांची संघटना २००५ पासून काम करते आहे. हे चांगलेच आहे. बाबासाहेबांच्या फर्मला जे दार बंद झाले, त्या दारातून आपला तरुण आत जात असेल तर त्याला आडवे यायचे कारण नाही. उलट जास्त संख्येने जा. पण आत जाऊन काय करणार हा प्रश्न विचारायचा हक्क समाजाला आहे. बाबासाहेबांचा फोटो केबिनमध्ये आणि ठेक्यावरच्या मुलांचा पीएफ खिशात, असा मालक आपला असला तरी तो शेठच. शेठची जात बदलल्याने स्कॅनरचा कोटा कमी होत नाही.

म्हणून आपल्यातल्या प्रत्येक व्यवस्थापकाने, सल्लागाराने आणि सुपरवायझरने कुठल्याही संस्थेत पाऊल ठेवताच पाच गोष्टी तपासाव्यात. एक, इथल्या माणसांना पगारचिठ्ठी मिळते का आणि तिच्यावर कुणाचे नाव असते? दोन, ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक देतो का? १९७० चा ठेका कामगार कायदा असो की नव्या श्रमसंहिता, ही जबाबदारी मूळ मालकावरच येते. तीन, टार्गेट कुणी ठरवले आणि ते ठरवताना फळीवरच्या माणसाला विचारले होते का? चार, झाडू, संडास आणि हमाली कुणाकडे आहे, केबिन कुणाकडे आहे आणि या दोन यादींतली आडनावे काय सांगतात? पाच, बाईमाणसासाठी वेगळे स्वच्छतागृह आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का, की फक्त भिंतीवर कागद चिकटवला आहे? या पाच उत्तरांशिवाय दिलेला सल्ला म्हणजे रोग्याची नाडी न बघता दिलेले औषध.

यातून नोकरी धोक्यात येईल, हे मला कळते. वस्तीत काम करताना अशी मुले रोज भेटतात. घरात कमावणारा एकच, डोक्यावर खोलीचे भाडे. त्यांनी उद्या एकट्याने मॅनेजरसमोर उभे राहावे असे मी सांगणार नाही. एकट्याने धाडस करा, हाच तर शिबिरवाल्यांचा मंत्र आहे. आपला मंत्र संघटित होण्याचा आहे. चार पिकर, दोन लोडर, एक सुपरवायझर आणि एक कायदा शिकलेला पोरगा आठवड्यातून एकदा विहारात बसला तरी सुरुवात होते. हजेरीच्या नोंदी स्वतःच्या वहीत ठेवा, पीएफचा नंबर मोबाईलवर तपासायला एकमेकांना शिकवा, तक्रार एकाच्या नावाने न देता सगळ्यांच्या सह्यांनी द्या. आणि त्या बैठकीत मोमीन, अन्सारी, यादव, पद्मशाली सगळे असू द्या. धोट्यापाशी वाटलेला कामगार भिवंडीत तरी एका सतरंजीवर बसला पाहिजे.

आरसा आपल्याही समोर

शेवटी कडू बोलतो, कारण गोड बोलणारे पुष्कळ आहेत. हे व्यक्तिपूजेचे नेतृत्व नुसते कंपन्यांतच आहे का? रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि त्यानंतर गटांची मोजदाद करता करता आपली बोटे संपली. १४ एप्रिलला नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात, भाईंचा फोटो मधोमध. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मागणारा पोरगा फुटीर ठरतो. बैठक बोलावली जात नाही, आदेश येतो. मग शेठ आणि भाई यांत फरक काय राहिला?

बाबासाहेबांनी १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केले. शरीर थकलेले, दृष्टी अधू झालेली, हातात ग्रंथाचे काम. तरीही त्यांना शाळा काढावीशी वाटली, कारण आपल्यानंतर चालणारी माणसे घडवायची होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ती शाळा टिकली नाही. पुतळे मात्र वाढत गेले.

ती शाळा पुन्हा सुरू करणे आपल्या हातात आहे. तिला वातानुकूलित हॉल लागत नाही. विहार आहे, फळा आहे, फळीवरून थकून आलेली पण शिकायची भूक असलेली पोरे आहेत. तिथे पहिल्या दिवशी ठराव कसा मांडायचा हे शिकवा, दुसऱ्या दिवशी पगारचिठ्ठी कशी वाचायची, तिसऱ्या दिवशी हिशेब कसा लिहायचा आणि चौथ्या दिवशी अध्यक्षाला हिशेब कसा विचारायचा. अध्यक्ष दर वर्षी बदला. जाणारा अध्यक्ष सतरंजीवर बसेल आणि येणारी अध्यक्ष एखादी पॅकर मुलगी असेल, त्या दिवशी नेतृत्व शिकून झाले असे समजा.

आणि पुढच्या जयंतीला कुणी मोटिव्हेशनल स्पीकर बोलवायचा म्हणाला, तर त्याला बोलवा जरूर. फक्त पहिल्या रांगेत गोडाऊनचे लोडर बसवा आणि माईक त्यांच्याकडे द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!